घर झाकायचा महिना

मुलीच्या युनिव्हर्सिटीत दर एप्रिलमध्ये आयांसाठी एक वीकएंड असतो. आयांनी शुक्रवारी यायचं, मुलींबरोबर जेवायचं, हिंडायचं, त्यांच्या खोल्यांमधला पसारा बघून शक्यतो काही बोलायचं नाही आणि रविवारी परत जायचं. लेक पहिल्या वर्षाला होती तेव्हा मी पहिल्यांदा गेले. आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो. तिथून सरळ दक्षिणेला अडीच तास ड्राइव्ह, दोन्ही बाजूंना काळी मोकळी शेतं आणि शेजारच्या सीटवर चकल्यांचा मोठा डबा. डब्याला मी सीटबेल्ट लावला होता.

त्या आधीच्या सप्टेंबरात लेक सोरॉरिटीत, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या एका संघटनेत, गेली होती. ती तिथे कशाला गेली हे मला कळलं नव्हतं. सोरॉरिटी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गुलाबी कपडे, पार्ट्या आणि एकसारखे सरळ केलेले केस यायचे. प्रत्यक्षात ते एक विटांचं जुनं मोठं घर होतं. साठेक मुली तिथल्या, त्यातल्या बऱ्याचशा तिथेच राहणाऱ्या. एकत्र जेवायचं, अभ्यासाच्या वेळा पाळायच्या, शनिवारी कुठल्या तरी शाळेत जाऊन मुलांना वाचायला शिकवायचं आणि एकमेकींना बहीण म्हणायचं. दारावर तीन ग्रीक अक्षरं. त्यातलं एक मला त्रिकोणमितीमुळे ओळखता आलं, बाकीच्या दोघांशी माझी आजही ओळख नाही. त्या रस्त्यावर अशी बरीच घरं होती आणि मुली त्यांना नुसतं हाउसच म्हणायच्या.

मी डबा घेऊन आत शिरले. हॉलमध्ये आयांची आणि मुलींची गर्दी. लेक जिन्याच्या चार पायऱ्या चढली आणि वरच्या मजल्याकडे बघून तिने हाक मारली, "ताई, आई आलीय."

वरून एक उंच, पिवळ्या केसांची मुलगी खाली आली. तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "नमस्ते, काकू. मी ताई."

इथल्या माणसांना आपला त येत नाही. त्यांचा ट होतो. वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते मी, तिथल्या एकालाही माझ्या आडनावातला त जमलेला नाही. या मुलीला जमत होता. म्हणजे कोणीतरी समोर बसून, जीभ दातांना कशी लावायची ते दाखवून शिकवला असणार. मी हसले, थँक यू म्हटलं, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे दीड वर्ष थांबलं नाही.

सोरॉरिटीत पद्धत अशी की नव्या मुलीला एक जुनी मुलगी मोठी बहीण म्हणून मिळते. तिला सगळ्या जणी बिग म्हणतात. माझी बिग, तुझी बिग. माझ्या मुलीने एकटीने आपल्या बिगला ताई म्हणायचं ठरवलं. ही ताई तिच्यापेक्षा एकच वर्षाने पुढे, दक्षिण इलिनॉयमधल्या एका मका-सोयाबीनच्या शेतावर वाढलेली, चार भावंडांत थोरली. मला तिच्यात खोट काढता येत नव्हती, आणि तेच जास्त लागत होतं.

आम्हाला ही एकच मुलगी. दुसऱ्यासाठी आम्ही प्रयत्न केले. दोनदा आशा लागली, दोनदा गेली, मग आम्ही तो विषय बंद केला. लेक सहा वर्षांची असताना रविवारच्या मराठी शाळेत जायची. तिथे मोठ्या मुलींना ताई म्हणायचं असतं. एकदा परत येताना गाडीत तिने विचारलं, मला घरची ताई कधी मिळणार? मी समजावलं की लहान बहीण येऊ शकते, ताई तुझ्यानंतर कशी येईल? घर येईपर्यंत ती रडत होती. मी हा किस्सा पुढे कितीतरी पार्ट्यांमध्ये हसत हसत सांगितला. तिला तो किस्सा आवडत नसे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला स्वतःला ताई आहे. नागपूरला असते, दर रविवारी आमचा फोन असतो. आईला सांगता येत नाहीत आणि नवऱ्याला कळत नाहीत अशा सगळ्या गोष्टी मी आयुष्यभर तिला सांगत आले आहे. त्यामुळे ताई हा शब्द कुणाला दिला की त्याबरोबर काय काय जातं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या वाट्याचं काय काय तिकडे जाणार, ते मी त्या हॉलमध्ये उभी राहूनच ओळखलं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लेक आजारी पडली. घसा सुजला, ताप उतरेना. ताई तिला दवाखान्यात घेऊन गेली, रक्त तपासलं, मोनो निघाला, कॉलेजच्या मुलांत पसरणारा विषाणूचा ताप. या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा दिसतात ते मी इतकी वर्षं मायक्रोस्कोपखाली बघत आले आहे. लोकांच्या मुलींच्या काचपट्ट्यांवरून मी ते सांगते. माझ्या मुलीचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही ताईच्या फोनवरून. ती म्हणाली, काकू, तिने मला सांगू नको म्हटलं होतं, तुम्ही काळजी करता म्हणून, पण आता मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तासाभरात गाडी काढली. पोचले तर लेक पांघरूण घेऊन पडली होती आणि ताई तिला मुगाची खिचडी भरवत होती. खिचडी मुलीनेच सांगून करवून घेतली होती. मी चव बघितली. मीठ कमी होतं. मी ते बोलून दाखवलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले की त्या मुलीने तीन दिवस माझ्यापासून लपवलं. तो म्हणाला, तिने लपवलं नाही, तिनेच सांगितलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये लेक कौन्सिलवर निवडून आली. पॅनहेलेनिक कौन्सिल असं त्याचं भारदस्त नाव. सगळ्या घरांच्या वर ही एक कौन्सिल असते, मुलींनीच निवडलेली, मुलींनीच चालवलेली. घर मोठं असो की छोटं, मत प्रत्येकाला एकच. पहिल्या वर्षाच्या मुली सप्टेंबरमध्ये घरं बघत फिरतात, कुठे जायचं ते ठरवतात आणि घरंही त्यांच्यातून मुली निवडतात. त्या दिवसांचे सगळे नियम कौन्सिल करते. नव्या मुलीला कुणी वचन द्यायचं नाही, भेट द्यायची नाही, गळ घालायची नाही. मुलीने स्वतःच्या डोक्याने ठरवावं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. भांडण झालं, तक्रार आली, तर ऐकून घ्यायचं कामही कौन्सिलचंच. माझ्या मुलीकडे गाइड मुलींचं काम आलं. गाइड म्हणजे नव्या मुलींच्या छोट्या गटांना सांभाळणाऱ्या, त्यांची रडारड ऐकणाऱ्या जुन्या मुली. त्या सगळ्यांची ती प्रमुख.

हे सगळं ती मला उन्हाळ्यात घरी आली तेव्हा सांगत होती. मी भेंडी चिरत होते, ती ओट्याला टेकून उभी होती. मी जरा चेष्टाच केली. आमच्या मराठी मंडळात कार्यकारिणीवर कुणी निवडून आलं की पहिलं काम म्हणजे आपल्या माणसांना गणपतीच्या नाटकात घुसवणं. ती हसली नाही. तिला पुढच्या नोव्हेंबरमध्ये कौन्सिलचं प्रेसिडेंट व्हायचं होतं. हे तिने इतक्या हळू सांगितलं की मला सुरी थांबवून ऐकावं लागलं. लहानपणापासून या मुलीने पुढे होऊन काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. शाळेच्या फोटोतही ती कडेला उभी असायची. तिला प्रेसिडेंट व्हायचं होतं आणि ती होणार असं बाकीच्यांनाही वाटत होतं, कारण गाइडचं काम नीट केलेली मुलगी पुढे बहुतेक निवडून येते.

मग तिने तो शब्द सांगितला. ऑगस्टपासून नव्या मुली घरात जाईपर्यंत कौन्सिलच्या आणि गाइड मुलींना डिसॅफिलिएट व्हावं लागतं. मी म्हटलं, म्हणजे संबंध तोडायचे? ती म्हणाली, तोडायचे नाहीत, झाकायचे. आपण कुठल्या घरच्या आहोत ते कुणाला कळू द्यायचं नाही. अक्षरांचे टी-शर्ट कपाटात, फोनवरचे फोटो बंद, राहायलाही दुसरीकडे. आपल्या घरच्या मुलींशी बोलायचं नाही, समोर आल्या तरी नाही. मी म्हटलं, आमच्याकडे पूर्वी बायका चार दिवस बाजूला बसायच्या, तसं महिनाभर. हे तिला कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही, कारण माझ्या मनात दुसराच प्रश्न आला होता.

"आणि ताई?" मी विचारलं.

"ताईशी तर अजिबातच नाही, आई. ती या वर्षी हाउसची प्रेसिडेंट आहे."

मी भेंडी धुवायच्या निमित्ताने सिंककडे वळले. भेंडी आधीच धुतलेली होती. चिरलेली भेंडी मी पुन्हा धुतली आणि त्या दिवशी भाजी चिकट झाली.

शेवटी तिने मला समोर बसवलं. नियम घरच्या माणसांनाही लागू आहे, म्हणाली. कुणी विचारलं तरी मी कुठल्या हाउसची ते सांगायचं नाही. कुठल्याही हाउसबद्दल वाईट बोलायचं नाही, चांगलंही नाही. नवी मुलगी ओळखीची असली तर मुळीच नाही. मी हो हो केलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही. तिने मला म्हणून दाखवायला लावलं. मी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा हात पुढे करून तो नियम म्हणून दाखवला, आणि तेव्हा ती एकदाची हसली.

तो महिना माझा फार सुखात गेला. एरवी लेकीचा फोन बुधवारी यायचा, पाच मिनिटांचा, मागे कुणाचा तरी हसण्याचा आवाज. आता रोज येऊ लागला. सकाळी कौन्सिलच्या ऑफिसकडे चालत जाताना ती मला फोन करायची. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की साडेआठ ते पावणेनऊ मला हाक मारू नका. कुठल्या गाइडने कंटाळा केला, कुठल्या मुलीला उन्हात चक्कर आली, सगळं मला कळायचं. मला वाटलं, मुलगी परत आली.

एक दिवस ती म्हणाली, "ताई असती तर तिला विचारलं असतं. आता तूच सांग." प्रश्न साधा होता, दोन गाइड मुलींचं भांडण कसं मिटवायचं याचा. मी उत्तर दिलं, बरं दिलं. पण दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कायमची नर्स रजेवर गेली की एजन्सीतून एखादी पाठवतात, ती मी होते.

आणखी एकदा ती रडली. लायब्ररीच्या दारात ताई समोरून आली होती. दोघी क्षणभर थांबल्या, मग ताईने खाली स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि ती निघून गेली. नियमच होता तसा, आणि ताईने पाळला. मी म्हटलं, असू दे गं, थोडेच दिवस राहिलेत. मनात म्हटलं, वर्षभर चालू दे.

त्या वर्षी आमच्या मंडळाचा गणपती आणि त्यांची घरं बघायची शेवटची धावपळ एकाच शनिवारी आली. एका शाळेचा हॉल घेतला होता. मी आणि माझी मैत्रीण मसालेभाताच्या ट्रेमागे उभ्या होतो. तिची मुलगी त्याच युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला गेली होती आणि घरं बघणाऱ्यांत होती. आमच्या दोघींच्या मुली एकत्रच वाढलेल्या. मैत्रिणीची मुलगी मला मावशी म्हणते आणि माझ्या मुलीला ताई. तर दुपारी तिचा आईला फोन आला, रडत. आईच्या एका हातात डाव आणि दुसरा हात भाताने माखलेला. तिने फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, तूच बोल बाई, मला त्यातलं काही कळत नाही.

मी फोन घेऊन हॉलच्या बाहेर आले. मुलीपुढे दोन घरं उरली होती आणि रात्रीच्या आत पसंती लिहून द्यायची होती. तिने गाइडला विचारलं, गाइड म्हणे, तूच ठरव. माझ्या मुलीला मेसेज केला, तिनेही तेच उत्तर दिलं. "मावशी, ताई काही सांगतच नाही," असं म्हणून तिने हुंदका दिला. मग तिने दोन्ही घरांची नावं सांगितली. एक माझ्या मुलीचं होतं.

इथपर्यंत मी गप्प होते. मला नियम आठवत होता. मग ती मुलगी सांगू लागली की या घरची प्रेसिडेंट किती चांगली आहे. दारात उभी होती, तिने माझं नाव नीट म्हणून बघितलं, दोनदा विचारून बरोबर म्हटलं. तिच्याशी बोलताना मला आपल्या घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, मावशी. मोठी बहीण असती तर अशीच असती.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक मुलगी नेली, आता ही दुसरी.

मी म्हणाले, "त्या घरात जाऊ नकोस. मला आतलं माहीत आहे, माझी मुलगी तिथेच आहे. तिथे गेलं की मुली आईच्या राहत नाहीत. आणि त्या प्रेसिडेंटचं कौतुक तर सांगूच नकोस. माझी मुलगी तापाने फणफणत होती तेव्हा तिने मला तीन दिवस कळू दिलं नाही."

मग ती ओके, मावशी, म्हणाली. मी आत येऊन फोन मैत्रिणीच्या पर्समध्ये टाकला, डाव हातात घेतला आणि पुढच्या माणसाला भात वाढला. मला अगदी मोकळं वाटत होतं. आरतीला मी जोरात टाळ्या वाजवल्या हे मला अजून आठवतं.

त्या मुलीने त्या संध्याकाळी कुठलंच घर लिहून दिलं नाही. तिने त्या सगळ्यातूनच नाव काढून घेतलं. कुणी असं केलं की गाइडने शांतपणे कारण विचारायचं असतं. हिने भाबडेपणाने सगळं सांगितलं. त्या घरच्या एका मुलीच्या आईनेच मला तिथे जाऊ नको म्हटलं, मग मला दुसऱ्या घराचीही भीती वाटायला लागली, असं. आपण कुणाची चहाडी करतोय हे तिच्या गावीही नव्हतं. गाइडने नियमाप्रमाणे ते लिहून काढलं आणि आपल्या प्रमुखाकडे दिलं. प्रमुख माझी मुलगी.

कागदावर नाव कुणाचंच नव्हतं. मेंबरची आई, फॅमिली फ्रेंड, प्रेसिडेंटबद्दल आजारपणाची तक्रार, एवढंच. पण त्या नव्या मुलीने मावशी म्हणावं अशी आई त्या घरात एकच होती.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी हॉलवरून आणलेली पातेली घासत होते. तिने हॅलो म्हटलं नाही.

"आई, तू बोललीस?"

मी म्हटलं, काय?

"आई."

मी हो म्हणाले. ती ओके म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आवाज चढवला असता तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तो कागद तिने दोन तास स्वतःजवळ ठेवला. तिने तो तसाच ठेवून दिला असता तर कुणाला कळलंही नसतं. मग ती कौन्सिलच्या प्रेसिडेंटकडे आणि त्यांच्या सल्लागार बाईंकडे गेली आणि म्हणाली, ही माझी आई आहे. उरलेल्या दोन दिवसांचं काम त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं. सगळ्या गाइड मुली मैदानावर नव्या मुलींना त्यांच्या घरांकडे सोडत होत्या, त्या सकाळी ती एकटी अपार्टमेंटमध्ये बसून होती. आणि आठवड्याने तिने नोव्हेंबरच्या निवडणुकीतून नाव मागे घेतलं.

हे तिने बाबाला सांगितलं, मला नाही. त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. सांगून झाल्यावर तो गवत कापायला बाहेर गेला आणि एकाच पट्ट्यावरून तीनदा मशीन फिरवून आला. मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, आमची मुलगी जरा बावरली बाई, पुढच्या वर्षी बघू. तिला आजही कळलेलं नाही की हे माझ्यामुळे झालं. मी सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी न विचारता गेले आणि पोचल्यावर फोन केला. लेक मला हाउसपाशी न भेटता कॅम्पसच्या कडेच्या एका बाकावर भेटली. पुन्हा अक्षरांचा टी-शर्ट घालायला आता कुणाची हरकत नव्हती, तरी तिने साधा करडा स्वेटर घातला होता. वाळलेली दिसत होती. मी वाटेत अडीच तास माफी जुळवत आले होते. ती मी मागितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, ठीक आहे, आई.

मग मी माझा बेत सांगितला. मी कौन्सिलला पत्र लिहिणार. सगळं सरळ लिहिणार की मुलीने मला नियम सांगितला होता, समोर बसवून म्हणायला लावला होता, तरी मी मुद्दाम मोडला. तिची काही चूक नाही, तिला निवडणुकीला उभं राहू द्या. नाव मागे घे असा काही नियम तर नाही ना, मी विचारलं.

नियम नाही, ती म्हणाली. पण मी इतक्या मुलींना रोज उभं करून हाच नियम सांगत होते, आता त्यांच्याकडे मत मागायला कशी जाऊ. आणि पत्र तर तू लिहायचंच नाही.

"का?"

तिने स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या. मग म्हणाली, "कारण मी त्यांना लिहून दिलंय की तुला रूल माहीत नव्हता."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, अगं, मी तर पाठ म्हणून दाखवला होता.

"हो. पण माहीत होता असं लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आईने असं का केलं. त्याचं मी काय उत्तर देणार होते?"

म्हणजे उत्तर तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मी जे विचारलं ते आज लिहितानाही मला खाली बघावंसं वाटतं. मी विचारलं, "ताईला तरी खरं सांगितलंस का?"

"नाही. ताईलाही मी तेच सांगितलं."

जी मुलगी बिननावाचा कागद घेऊन आपण होऊन उभी राहिली, ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. कौन्सिलशी बोलली, आणि ताईशीही बोलली. मला आनंद झाला. लाज नंतर आली, आधी आनंदच झाला, अगदी स्वच्छ, शर्यत जिंकल्याचा. ताईला जे माहीत नाही असं काहीतरी आता आम्हा दोघींत होतं. मी तिचा हात हातात घेतला. तो गार होता. मी म्हटलं, चल, तुझ्या हाउसवर जाऊ, ताईलाही भेटते, तिची माफी मागते.

ती उठली नाही.

"नको, आई," ती म्हणाली. "हल्ली मी ताईकडे कमीच जाते. तिच्यासमोर बसलं की मला ते खोटं आठवतं."

दीड वर्ष मी मनातल्या मनात हेच मागत आले होते.